मुहूर्ताची सही

१ ऑक्टोबर १९५३
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून ऑडिटरांचा नवा कायदा वाचणे. चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था निघून चार वर्षं झाली, मला अजून बोलावणं नाही. सतरा वर्षं पनवेलच्या बाजारात ऑडिट करतोय. परीक्षा दिली नाही हे खरं, पण माझी परीक्षा घेणार कोण? ही म्हणाली, संस्था बोलावणी धाडत नाही, पास व्हावं लागतं. बायकांना धंद्यातलं काय कळतं.

२ ऑक्टोबर, सकाळी साडेआठ
आत्ता उठलो. आज सुट्टीच आहे. कायदा उद्यापासून.

११ ऑक्टोबर
वाचनालयात माझं व्याख्यान : ‘हिशेबतपासनीस आणि समाज’. ठणकावून सांगितलं की डॉक्टर चुकला तर एक दगावतो, ऑडिटर चुकला तर गाव बुडतं. म्हणून संस्था हवी, शिस्त हवी, चुकणाऱ्याची सनद काढून घ्यायला हवी. श्रोते चौदा, पैकी दोन झोपलेले.

दवाखान्यातल्या नर्स हेप्झिबाबाई मुलीला घेऊन आल्या होत्या. तमार बी. कॉम. झाली. तिला सी. ए. व्हायचंय, जूनमध्ये फोर्टातल्या एका फर्ममध्ये उमेदवारी ठरलीय. आधी फर्मला प्रीमियम म्हणून मोठी रक्कम भरावी लागते. तमारने विचारलं, काका, जो माल पाहिला नाही त्यावर ऑडिटरने सही करावी का? कदापि नाही, मी म्हटलं. टाळ्या पडल्या. सुरुवात मी केली.

नंतर बाईंनी बाजूला घेऊन विचारलं. रिटायर झाल्या, फंडाचे पैसे आलेत, जूनपर्यंत दयाराम शेठच्या भाताच्या गिरणीत ठेवले तर? मी म्हटलं, बाई, तिथल्या ताळेबंदावर माझी सही असते. तेवढ्यावर त्यांनी मान डोलावली. याला म्हणतात पत.

६ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
शेठच्या पेढीवर मुहूर्त सहा चाळीसचा. त्यांची पद्धत अशी की वह्यांशेजारी कोरा ताळेबंद मांडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि ऑडिटरने मुहूर्तावर सही करायची. आकडे सवडीने. वर्ष आजच संपलं, आज आकडे येणार कुठून? गोदाम बघायचं राहिलंय असं मी सुचवलं. शेठ म्हणाले, ऑडिटरसाहेब, लक्ष्मीच्या दिवशी संशय घेऊ नये. पटलं. सही झकास आली. करंज्या चार.
उद्या गोदाम, नक्की.

७ नोव्हेंबर
पाडवा. सणासुदीला कुणाच्या गोण्या मोजणं बरं दिसत नाही.

१९ नोव्हेंबर
पळस्प्याच्या वाटेवरच्या गोदामापर्यंत चालत गेलो! कुलूप. रामू हमाल पायरीवर बसला होता. म्हणाला, दोन महिनं आमी गोण उचलली नाय साहेब, आत मोजायला हाय काय? हमालाच्या बोलण्यावर ऑडिट होत नसतं. परत आलो.
छापील ताळेबंद ठेवीदारांना वाटला गेलाय. साठा : चार हजार गोणी. खाली मी. छपाई सुबक.

३ डिसेंबर
तमार आली. गोदाम बाहेरून पावलांनी मोजून आलीय म्हणे. छपराला टेकेपर्यंत रचल्या तरी चौदाशेच्या वर गोणी बसत नाहीत. मुलगी हुशार, पण पुस्तकी. आईची ठेव काढून घेऊ का, असं विचारत होती. मी सांगितलं, मुदतीआधी काढलीस तर व्याज जाईल, शिवाय घरच्यासारख्या माणसांनीच माझ्या सहीवर अविश्वास दाखवला असं बाजारात होईल. मग म्हणाली, आईचा तुमच्यावर भरवसा आहे. चहा न घेता गेली.

२२ फेब्रुवारी १९५४
दयाराम शेठ गावाला गेले. सहकुटुंब, भांड्याकुंड्यांसकट. गिरणीला टाळं. लोकांनी गोदाम फोडलं तर आत फाटकी बारदानं आणि उंदीर. हवापालट करून शेठ परत येतील असा माझा अंदाज आहे.

२३ फेब्रुवारी
हेप्झिबाबाई आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. गोणी पाहिल्या होत्यात ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तपासणी रीतसर झाली होती. त्यांनी पुन्हा विचारलं, पाहिल्या होत्यात का? आतून ही म्हणाली, नाही.
घरचाच भेदी!

१० मार्च
तमारने माझ्याविरुद्ध संस्थेकडे तक्रार केली. एकदाचं माझं नाव वरपर्यंत पोचलं! समितीपुढे उभं राहायला लागणार. बचावाचं निवेदन लिहायला घेतलंय, बावीस पानं झाली. कोट शिवायला टाकला. त्यांनी सनद काढून घेतली तर ताठ मानेने देईन.

१४ एप्रिल
संस्थेचं उत्तर तमारला आलं. ती दाखवायला आली, दाराबाहेरूनच. सदर गृहस्थ आमचे सभासद नाहीत, कधीच नव्हते, म्हणून आम्हांला त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही. तीन ओळी. म्हणजे मी सुटलो. मी तसं म्हणालोही. तमारने कागदाची घडी घातली आणि म्हणाली, हे आधी विचारायला हवं होतं, चूक आमची.
जेवण गेलं नाही. कोट शिंप्याकडेच आहे.

१ जून
आज तमार फोर्टात जायची होती. सकाळी दारावरून गेली, मामलेदार कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलीय. हेप्झिबाबाईंनी पुन्हा बाळंतपणं करायला घेतलीत, या वयात, सुकापूरपर्यंत पायी. तमारला हाक मारणार होतो. मारली नाही.

दुपारी काळूराम आला, शेतकरी. अर्जावर अंगठा लावायचा होता, त्याला शिकलेल्या माणसाची साक्ष हवी होती. मी टाक उचलला. तो चुळबुळला. म्हणाला, तुमची नको साहेब, वैनींची चालंल. हिने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, काळूरामला दोन गोष्टी विचारल्या आणि मग सही केली. मी दौत धरून उभा होतो.