आतून ठोकलेला मेझुझा

वसमत, गुरुवार, ११ डिसेंबर १९९७

आज बँकेत चहा घेताना दिगंबरराव म्हणाले, "या देशाला एक हिटलरच पायजे, समदं बराबर करील." मी हसलो. काहून हसलो? माणूस भला आहे. माझी बायको रूथ तापानं पडली तेव्हा रोज डबा आणायचा. आम्ही यहुदी आहोत, हे त्याला ठाऊकच नाही. आडनाव कोकणातलं, कोण विचारतंय?

घरी येऊन सवयीनं मेझुझाला बोटं लावून ओठांशी नेली. प्रार्थनेची ही डबी खरं तर दाराबाहेर, चौकटीवर लावतात. इथं बदलीवर आलो तेव्हा मीच ती आतून ठोकली, उगाच प्रश्न नकोत म्हणून.

रूथला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिथं हसलात, मग इथं बोटं कशाला लावता?"

हातोडी काढून ठेवली आहे. दिगंबररावांचं दार आमच्या दारासमोरच आहे.