टेकडीवरचं तिसरं गाव

कडेगाव,
७ सप्टेंबर १९७४

प्रिय मानसिंग,

तुझं पत्र सोमवारी आलं. नेहमीसारखं मी वाचलं आणि तुझ्या आईनं भाकरी थापता थापता ऐकलं. नोव्हेंबरात तुमची बोट इटलीच्या पूर्व किनाऱ्याला एक दिवस थांबणार, आणि साहेबानं चाळीस उतारूंच्या सहलीची आखणी तुझ्यावर टाकली, हे ऐकून ती सुखावली. गावोगावची दारू आणि ऑलिव्हचं तेल चाखवून माणसं संध्याकाळच्या आत बोटीवर परत आणायची, एवढंच काम. तू आईच्या धाकानं दारूला ‘द्राक्षासव’ लिहिलंस आणि मी वाचताना त्याचा ‘द्राक्षाचा रस’ केला, तेव्हा तिकडून काही अडचण आली नाही. तेलाशी मात्र तिचा हात थांबला. “त्येल प्यायला एवढ्या लांब जात्यात? पोटं बिघडल्यात व्हय समद्यांची?” असं तिनं विचारलं.

तू विचारलंस, तात्या, तुम्ही लढाईच्या वेळी त्या मुलखात होता, तीन गावांपैकी कुठलं धरू? या महिनाअखेर यादी पक्की करायची आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो. बंदराजवळचं दारूचं मोठं तळघर सोयीचं आहे, म्हाताऱ्या उतारूंना चढ नाही. दुसरं त्या जमीनदाराच्या वाड्यातलं. तिथं संगमरवर पाहण्यातच निम्मा वेळ जाईल. तेल चमच्यानं देत असतील तर नको म्हण. भाजलेल्या पावावर मीठ टाकून, वर तेल ओतून द्यायला सांग. नोव्हेंबरात नवं तेल निघतं, हिरवंगार आणि कडवट, घशात जरा झोंबतं. उतारू खोकले तर घाबरू नकोस, ते तेल चांगलं असल्याची खूण आहे. दारूबद्दल मला विचारू नकोस, मी माळकरी माणूस. तिसऱ्या गावाबद्दल तू लिहिलंस की रस्ता खराब, घर लहान, घाणा जुना, तेव्हा ते गाळतोच. ते नाव मी दोनदा वाचलं. तुझ्या आईला वाटलं, माझा चष्मा बिघडला.

ते गाव मला ठाऊक आहे, मानसिंग. त्रेचाळीस सालच्या डिसेंबरात आमची तुकडी तिथं अकरा दिवस होती. तुझा बाप आकाराम आणि मी एकाच तंबूत झोपत होतो. तू झाल्याचं कार्ड त्याला तिथंच मिळालं, तीन महिने फिरून फिरून. ते कार्ड त्यानं मला इतक्या वेळा वाचायला लावलं की शेवटी मी न बघताच म्हणायला लागलो. टेकडीवर एक घर होतं. घरात एक बाई आणि तिच्या दोन लहान मुली. नवऱ्याला जर्मनांनी कामाला धरून नेलं होतं, गाय हाकून नेली होती. उरले होते दोन रांजण तेलाचे आणि एक पिंप दारूचं, तेही पेंढ्याखाली लपवलेलं. आम्ही तिच्या विहिरीवर पाणी भरायला जायचो. एकदा तिनं पावाचा तुकडा तेलात बुडवून आकारामच्या हातात ठेवला. त्यानं तोंड वाकडं केलं, मग आणखी मागितला. म्हणाला, “लाला, आपल्या करडईला भारी हाय हे गड्या. माळावर लावू की हितनं रोप नेऊन.” त्याच्या डोक्यात सारखा आपला माळ असायचा. तासगावकडं आता आपल्या भावकीतल्या नानासोनं द्राक्षं लावली आहेत, ते मांडव दिसले की मला अजून वाटतं, आकाराम असता तर त्यानं आधी लावली असती. तुला खरं सांगतो, तीस वर्षांत असा एक आठवडा गेला नाही की त्याला काहीतरी सांगायचं राहून गेलंय असं मला वाटलं नाही.

तो गेला ते तुला माहीत आहे, कसा गेला तेही. नदीच्या उतारावर तोफेचा गोळा पडला आणि काही बोलायच्या आत सगळं संपलं. पुढचं मात्र तुला ठाऊक नाही, कारण मी ते कुणालाच खरं सांगितलं नव्हतं. सकाळी आम्ही चौघांनी त्याला टेकडीवर आणलं. चार दिवस पाऊस लागलेला, लाकूड ओलं, पेटेना. तूप कुठून आणणार? ती बाई दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि वर्षभर वाळलेल्या द्राक्षाच्या काड्या घेऊन आली, मग जनावराच्या गोठ्याची मोडलेली तुळई ओढत आणली, आणि शेवटी तेलाचा एक रांजण. दोनांतला एक. मी तिच्या हातातून तो घेईना, तर तिनं स्वतःच चितेवर ओतला. आकारामला मी त्या तेलावर अग्नी दिला. डोक्यावरचं काळं फडकं पुढं ओढून ती बाई शेवटपर्यंत तिथंच उभी राहिली. आपल्यात बायका मसणात जात नाहीत, पण तिला जा म्हणायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. दूध हवं म्हणून मी तिला हातानं गाय पिळल्याची खूण करून दाखवली. तिनं रिकाम्या गोठ्याकडं बोट केलं आणि तांबड्या दारूचा एक तांब्या आणून दिला. मी दुधाच्या जागी ती दारू शिंपडली आणि राख त्यांच्या नदीत सोडली.

घरी पत्र लिहिताना माझा हात धजला नाही. तुझा आजा धुळा तेव्हा होता, तो पहिलं हेच विचारणार होता की विधी नीट झाला का. दारू शिंपडली म्हटलं असतं तर म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं असतं. मी लिहिलं, गाईचं तूप घातलं, दूध शिंपडलं, काही कमी पडलं नाही. ते खोटं मग रुजलं. तुझी आई बायकांत अभिमानानं सांगायची, माझ्या मालकाला परमुलखातसुद्धा तूप मिळालं. ते ऐकलं की मी उठून जायचो. माळ घातली ती परत आल्यावरच, आणि लोकांना वाटलं, लालासाहेब लढाईवरून देवभोळा होऊन आला.

सोमवारी तुझं पत्र संपलं आणि तिनं सरळ विचारलं, “भावजी, त्ये तिसरं गाव तिकडंच हाय न्हवं?” तिला माझा चष्मा बिघडलेला नव्हता हे कळलं होतं. मी सगळं सांगून टाकलं, तेल, दारू, सगळं. भाकरी तव्यावर करपली तरी ती उठली नाही. दोन दिवस मी तुमच्या दाराकडं फिरकलो नाही. मला वाटलं, आता या घरी मला कुणी पत्र वाचायला बोलावणार नाही.

परवा तिनं शेजारच्या केरबाकडून निरोप पाठवला. गेलो तर ओसरीवर घोंगडं टाकलेलं होतं आणि चहा ठेवलेला. तिनं तुपाचं नाव काढलं नाही, दारूचंही नाही. तिनं त्या बाईचं विचारलं. नाव काय, वय काय, नवरा परत आला का, एक रांजण दिल्यावर पोरींना त्या हिवाळ्यात काय घातलं असेल. मला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्याची मला फार लाज वाटली. मग मी सांगितलं की ती शेवटपर्यंत उभी होती. तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, “तीस वर्सं वाटायचं, तितं त्याचं कुणी बाईमाणूस न्हवतं. व्हतं की.”

म्हणून हे पत्र. तिसरं गाव गाळू नकोस. चाळीस माणसांना तो रस्ता झेपणार नसेल तर त्यांना बंदरावरच्या तळघरात सोड, कुणातरी भरवशाच्या माणसाच्या हाती दे, आणि तू तीन तास काढून वर जा. ती बाई आता साठीला आली असेल. नसेल तर पोरी असतील. आपल्या गल्लीतल्या आप्पासोचा मेव्हणा मुंबईला गोदीत आहे, त्याच्याबरोबर एक पुडकं पाठवतोय. त्यात इरकली लुगडं आणि चोळीचा खण आहे. आईनं विट्याला जाऊन स्वतः निवडलंय, आणि मला दोनदा घडी मोडून परत घालायला लावली. तू नुसतं देऊन येऊ नकोस, तिच्या घरात बस, ती देईल ते खा. तेल तिथंच चाख. भाषा येत नाही म्हणून अडू नकोस, आमचंही अडलं नव्हतं. आईचा निरोप तेवढा कुणाकडून तरी तिला तिच्या भाषेत सांग. तो मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण तिनं माझ्याकडून तो तीनदा म्हणून घेतलाय: “बाई, म्या आकारामची रंगू. तवा मला येता आलं न्हाई.”

तुझाच,
लालातात्या