कमरेपर्यंतचा शब्द

सोमवार, ३ मार्च. दुपारी ४.

तमाम सावध माणसांनो! आयुष्यभर आपल्याला एकाच शब्दाने हिणवलं गेलं. जिना उतरताना कठडा धरला, भित्रा. गॅस बंद आहे का हे दोनदा पाहिलं, भित्रा. कुत्रं बांधलंय का विचारलं, भित्रा. आपल्यामुळे किती अपघात झालेच नाहीत, याची नोंद कुठल्याही इतिहासात नाही. आजपासून या वहीत होईल.

(वही खासगी. कुणालाही दाखवायची नाही. पण समोर माणसं बसलीत असं धरल्याशिवाय मला दोन ओळीही लिहिता येत नाहीत. तीस वर्षं व्यासपीठावर काढल्याचा परिणाम.)

हॉटेलवर पोचलो. पंधरा वर्षांपूर्वी हे पाडून इथे पार्किंग करायचा डाव होता. तेव्हा आमच्या शहरात, इथून दोनशे किलोमीटर आत, मी सव्वा तास भाषण केलं. हॉटेल पाहिलं नव्हतं. गरज नव्हती. तत्त्व पाहिलं होतं. ते भाषण गाजलं, हॉटेल वाचलं, आता दुरुस्त होऊन शुक्रवारी पुन्हा सुरू होतंय. उद्घाटनाचा वक्ता मी. चार दिवस राहणं-खाणं त्यांच्याकडे.

लॉबीच्या भिंतीवर माझंच वाक्य रंगवलंय, हातभर उंच अक्षरांत: 'किनाऱ्यावर उभा राहतो तो इतिहासाच्या बाहेर उभा राहतो.' मॅनेजरबाईंनी त्याखाली उभं करून फोटो काढला. सर, जरा हसा ना, म्हणाल्या. समोरच्या खिडकीतून तो दिसत होता. समुद्र. हसलो. फोटोत दात मोजता येतात.

सर्वांत महत्त्वाचं. येताना बसमध्ये बायको म्हणाली, या वेळी तुम्ही माझ्याबरोबर पाण्यात यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुमचा मोर्चा होता. मग सर्दी होती. मग समुद्र प्रदूषित होता. बत्तीस वर्षं झाली. या महिन्यात मला साठ पूर्ण होतात. हे शेवटचं विचारणं, यापुढे विचारणार नाही.

मी शब्द दिला. शुक्रवारी, भाषणानंतर, कमरेपर्यंत. शब्द म्हणजे शब्द.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, बघू.

सोमवार, संध्याकाळी ६.

खोली तळमजल्यावर. अगदी पुढची. सन्मान म्हणून.

पलंगापासून पाण्यापर्यंत बावन्न पावलं. (नजरेने मोजली.) जुनं ते सगळं जपलंय, मॅनेजरबाई अभिमानाने सांगत होत्या. फरशी जुनी, आरसा जुना. आणि भिंतीवर एक पितळी पट्टी. विचारलं, हे काय? तर म्हणे, एका वादळात पाणी खोलीत इथवर आलं होतं सर, ती खूण आम्ही मुद्दाम ठेवलीय, गेस्टना खूप आवडते.

पट्टी माझ्या हनुवटीला लागते. पलंग माझ्या गुडघ्याला. हिशोब कुणीही करावा.

दोन लाटांमधलं अंतर मोजलं. एकोणीस सेकंद. एकोणीस. वीस. मग एकदम बारा. बारा का?

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ७.

झोप उत्तम. म्हणजे खुर्चीत. पाठीला सरळ बसणं चांगलं असतं, कुठेतरी वाचलंय.

चार दिवसांचा कार्यक्रम आखला. मंगळवार, घोटा. बुधवार, गुडघा. गुरुवार, मांडी. शुक्रवार, कंबर. टप्प्याटप्प्याने. मोठी आंदोलनं अशीच जिंकली जातात.

मंगळवार, दुपारी १२.

घोटा उद्यावर. बुटाच्या नाडीची गाठ सुटेना. (गाठ दोनदा मारली होती. सावध माणूस.)

मॅनेजरबाईंना म्हटलं, मला वरच्या मजल्यावरची खोली द्या. वक्त्याने खालच्या, मोक्याच्या जागा अडवून बसू नये, त्या सर्वसामान्यांना मिळाव्यात. त्या गहिवरल्या. पण वर अजून नळ बसायचेत सर, म्हणाल्या. शिवाय भाषणात तुम्हीच म्हणाला होतात ना, मला समुद्राच्या इतकं जवळ झोपवा की त्याचा श्वास कानाला लागला पाहिजे.

असं म्हणालो होतो? टाळ्यांची जागा असणार.

मंगळवार, संध्याकाळी ५.

वारा वाढलाय. खिडक्यांना नव्या लाकडी झडपा आहेत. सुतार सकाळीच बजावून गेला होता: नवं लाकूड आहे, सहा महिने झडप पूर्ण लावू नका, बोटभर फट ठेवा.

बोटभर फटीतून काय काय आत येऊ शकतं याचा त्या माणसाने विचार केलेला दिसत नाही.

चारही झडपा लावल्या. खिट्ट्या घट्ट होत्या म्हणून ठोकल्या. ठोकायला काही नव्हतं, तर स्वतःच्या भाषणांचा संग्रह वापरला. बांधणी मजबूत. आता आवाज कमी येतो. खोलीत अंधार आहे, पण अंधाराचं भय मला कधीच नव्हतं.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११.

झडपा उघडत नाहीत. चारही. खारी हवा पिऊन लाकूड फुगलं.

सुतार आला. पासष्टीचा, बारीक, कानावर पेन्सिल. खिट्टी बघून म्हणाला, साहेब, ही कशाने ठोकलीत? मी म्हणालो, साहित्याने. तो म्हणाला, बाहेरून कोण येणार होतं? मी म्हणालो, वारा. तो म्हणाला, वाऱ्याला कुणी एवढं ठोकत नाही.

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. पाठमोरी असली तरी मला कळतं. खांदे हलतात.

सुतार झडपा काढून रंधा मारायला बसला. हिने त्याला चहा दिला आणि विचारलं, काका, तुम्ही इथलेच, रोज पाण्यात जात असाल? तो म्हणाला, छे हो ताई, मला जाम भीती वाटते. चाळीस वर्षं बघतोय त्याला, अजून घोटा बुडवला नाही. आमची मंडळी चेष्टा करतात, करू देत.

असं! रंधा मारता मारता! जणू दुधाला किती पैसे पडले ते सांगतोय. चेहऱ्यावर लाज नाही, प्रस्तावना नाही, काही नाही. ही हसली, तो हसला, हिने त्याला आणखी एक बिस्किट दिलं.

मग हिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बराच वेळ. बशी हातात तशीच.

त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला स्पष्ट कळलं. म्हणून मी बोललो. भीती ही व्यक्तीची नसून समाजरचनेची निर्मिती आहे, हे तीन उदाहरणांसह मांडलं. वीस मिनिटं, एकही टिपण हातात न घेता. सुतार बाराव्या मिनिटाला काम संपवून गेला. ही सतराव्या मिनिटाला.

बुधवार, संध्याकाळी ६.

गुडघा आणि घोटा दोन्ही उद्या एकत्र. वेळ वाचतो.

झडपा उघड्या. तो पूर्ण दिसतो. बघितलं नाही तर आवाज वाढतो, बघितलं तर जवळ येतो.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी १०.

बागेतून वाळूवर उतरायला दगडी पायऱ्या आहेत. सतरा. त्याही नव्याने बसवल्या. रंगीत तालीम म्हणून उतरायला गेलो. तिसरीपर्यंत पोचलो. चौथी ओली होती. समुद्र एवढ्या वर येतो कधी? आणि का?

माळी पाणी घालत होता, हे नंतर कळलं. पण शंका रास्त होती.

मॅनेजरबाईंचा बेत असा की फीत सर्वांत खालच्या पायरीवर बांधायची, मी ती कापायची आणि पाहुण्यांसह थेट पाण्याकडे जायचं. समजावलं. फीत वर बांधा. मागे उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला दिसली पाहिजे. त्या म्हणाल्या, सर, लोकांचा किती विचार करता तुम्ही!

करतोच.

गुरुवार, दुपारी ४.

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्यावं. (कुणी?)

चष्म्याची डबी शोधताना हिच्या बॅगेत हात घातला. एक निळी टोपी, रबरी. पोहायचा चष्मा. पोहायचा काळा पोशाख, कोपरावर विरलेला. विरलेला! म्हणजे वापरलेला.

विचारलं. ती केस विंचरत होती. म्हणाली, वर्ष झालं की. तरणतलावावर महिलांच्या बॅचला जाते. मंगळवारी संध्याकाळी.

मी म्हणालो, अशक्य. मंगळवारी माझं अभ्यासमंडळ. तू असतेस. खांबाशेजारी, शेवटच्या रांगेत. मान डोलावतेस. तुझ्याकडे बघून तर मी मुद्दे वाढवतो!

ती म्हणाली, अहो, त्या लायब्ररीच्या शिपाईबाई. दार लावायला थांबतात. डोलत नाहीत, पेंगतात.

 बाहेर समुद्र बोलत होता, एकोणीस, वीस, बारा.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर बोलला असतात. मग कंगवा खाली ठेवून म्हणाली, मी उद्या लांब जाणार आहे. पाण्यात तरंगतोय त्या लाल बोयापर्यंत. तुम्ही कंबर म्हणाला होतात.

मी म्हणालो, कंबर हा शब्द लाक्षणिक होता.

ती म्हणाली, गुडघा?

मी भरती-ओहोटीविषयी बोललो.

ती म्हणाली, घोटा तरी?

मी त्वचेविषयी बोललो. तेव्हा ती माझ्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, बरं, पाण्यात नका येऊ. वाळूवर उभे राहाल? काठाशी. टॉवेल धरून. बाहेर आल्यावर मला फार थंडी वाजते. तलावावर बाकीच्यांचे असतात कुणी ना कुणी, मुली, सुना. माझं कुणी नसतं.

हो म्हणालो. लगेच. टॉवेल धरणं हे काम मी कमी लेखत नाही. शब्द दिला. या वेळी तिने बघू म्हटलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ७.

आज. सतरा पायऱ्या आणि वीस पावलं वाळू. चार वर्षांचं मूल जातं. टॉवेल घडी करून ठेवला. मोठा, पांढरा. भाषणाची टिपणं टॉवेलातच ठेवली म्हणजे विसरायला नको.

शुक्रवार, सकाळी १०.२०.

भाषण उत्तम. इतकं उत्तम की क्षणभर माझाच माझ्यावर विश्वास बसला. 'लाटेला पाठ दाखवू नका' या वाक्याला लोक उभे राहिले. मी लाटेकडे पाठ करूनच उभा होतो, पण ती व्यवस्था मॅनेजरबाईंची.

फीत कापली. पाहुणे खाली जाऊन फोटो काढून परतही आले, आता आत चहाला गेलेत. बायको टोपी घालून उतरली. जाताना टॉवेल माझ्या हातात दिला.  हात सोडायला जरा वेळ लावला.

शुक्रवार, १०.४०.

नवव्या पायरीवर आहे. बसून लिहितोय. हा थांबा नियोजित आहे.

ती पोहते. खरंच पोहते! हात वर, हात खाली, न घाबरता, जणू कणीक तिंबतेय. निळी टोपी बोयाच्या निम्म्यावर. एवढी वर्षं मी या बाईला जिन्यात सांभाळून उतर म्हणत आलो.

दहावी पायरी खरोखर ओली आहे. या वेळी माळी नाही.

शुक्रवार, १०.५५.

टोपी दिसत नाही.

बोया दिसतो. टोपी दिसत नाही. एक लाट गेली. दुसरी गेली. उभा राहिलो. ओरडलो. बिनमाईकचा आवाज, ज्याने मैदानं भरली. पाण्यावर चार हातही गेला नसेल. पुन्हा ओरडलो. पाय खाली जाईनात. ती बुडत असेल आणि पाय खाली जाईनात. तत्त्व नाही, त्वचा नाही, भरती नाही. लहानपणी बुडालोबिडालो असतो तर निदान सांगायला कारण असतं. तेही नाही.

मला भीती वाटते.

(पहिल्यांदाच लिहिलं. साडेतीन शब्दांचंही नाही. सुताराला जमलं ते.)

शुक्रवार, १०.५८.

दिसली. बोयाच्या पलीकडे होती. धरून विश्रांती घेत होती.

आता मी रडतोय की घाम आहे ते कळत नाही. टॉवेलला पुसलं. एक कोपरा ओला झाला. बाकीचा कोरडा आहे.

शुक्रवार, ११.१०.

बाहेर आली. काठाशी उभी आहे. दोन्ही हात काखेत घालून, गुडघे जवळ घेऊन. ओठ निळे पडलेत, इथून दिसतं. तिने वर पाहिलं. हाक मारली नाही. फक्त एक हात काढून पुढे केला, टॉवेल घ्यायला करतात तसा, आणि तसाच धरून ठेवलाय.

मला आठ पायऱ्या उरल्यात. उठतो. हे वाक्य संपलं की उठतो.

वारा आहे. ती थरथरतेय. हात अजून पुढेच आहे. आणि मी लिहितोय.

कुणी आहे का तिथे? भाषण नाही, घोषणा नाही, टाळ्या नकोत. नवव्या पायरीवर एक माणूस बसलाय, त्याच्या मांडीवर टॉवेल आहे. एवढाच घ्या आणि तिला नेऊन द्या.