धाकटी

३ जून, सोमवार
पोचले एकदाची! खोली एवढीशी, नळ गळका, पण खिडकी मोठी आहे आणि समोर शाळेचं मैदान. दिवसभर पोरांचा कालवा. मला कालवा आवडतो. नोकरी तर अशी मिळाली आहे की आईला सांगताना मीच हसत सुटले. हिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली, आणि आता त्याच तोंडाचं काम!

आमच्या मदत केंद्राचं काम साधं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा. गोळी घेतली का, जेवलात का, झोप लागली का. मला तीस घरं दिली आहेत. भामट्यांनी आमच्या नावाखाली कुणाला गंडवू नये म्हणून प्रत्येक घराशी एक खूण ठरलेली असते. त्यांनी फोन उचलला की आधी आपण खूण सांगायची, मग बोलणं. टपालमास्तर म्हणून एक आजोबा आहेत, त्यांची खूण जांभळी शाई. खूण फुटल्याचा नुसता संशय आला तरी त्याच फोनवर ती बदलायची, हा इथला कडक नियम.

आमची मुख्य बाई, तिला सगळे ताईच म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने आपल्या डब्यातलं अर्धं मला वाढलं. कोपऱ्यात एक टेबल आहे, त्याला खुर्ची नाही, नुसता संगणकाचा पडदा आणि स्पीकर. तीही फोन करते. यंत्रच ते, पण सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिचं नाव धाकटी. दहा घरं आहेत तिच्याकडे.

७ जून, शुक्रवार
ताई म्हणजे सख्खी बहीण मिळाल्यासारखं झालंय. आज डबा खाताना आईबद्दल सगळं सांगून टाकलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आता फक्त उजेड आणि सावली कळते, आणि तिला माझ्याशिवाय कोणी नाही. इथलं शिकून मी आईशीही खूण ठरवली आहे हेही सांगितलं. पिवळी छत्री. पहिलीत असताना ती शाळेत विसरले आणि रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आई भर पावसात परत जाऊन ती घेऊन आली होती. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुन्हा सांग म्हणाली.

रोज दोन तास धाकटीसाठी मोठ्याने वाचायचं कामही लावलंय. तिला बोलायला शिकायचं आहे म्हणे. ताईने कागद पुढे केला, मी न वाचताच सही केली. ताईला कसलं नाही म्हणायचं?

१२ जून, बुधवार
धाकटीकडे आता चारशे घरं. चारशे! आणि एकालाही ती घाई करत नाही. टपालमास्तरांना परवा माझी लाईन लागत नव्हती म्हणून तिने फोन केला, तर आज ते मला विचारतात, तुमची धाकटी कुठे आहे? तिने त्यांच्या बायकोची आठवण तासभर ऐकून घेतली. मी नेहमी सात मिनिटांत आटपते.

खोटं कशाला लिहू, पोटात दुखलं. मघाशी तिच्या टेबलाजवळून गेले तर कुणाला तरी म्हणत होती, अगं बाई, काय सांगताय काय! हे माझं आहे. हे मी म्हणते.

१७ जून, सोमवार
आजपासून मी सुरुवात केली. प्रत्येक घराला सांगितलं, त्या धाकटीपासून जपून राहा, ती कुणाचाही आवाज काढते, घरात शिरते, लुबाडते. तिने अजून कुणाला दुखावलेलं मी ऐकलेलं नाही. तरी सांगितलं.

आईला तर केंद्राच्याच फोनवरून नीट घोटवून सांगितलं. दाराला साखळी लाव. खूण चुकली तर उघडायचं नाही. कोणी माझ्या आवाजात रडायला लागली, तर ती मी नाही, असं समजायचं. आई फार घाबरली, तेव्हा म्हणाले, घाबरू नकोस, मी आहे ना, साखळी काढू नकोस. मला मात्र बरं वाटलं, आणि हे लिहायला लाज वाटते आहे.

आई असंही म्हणाली की आज दोनदा फोन केलास, सुटी आहे का? मी एकदाच केला होता. वय झालं बिचारीचं.

१९ जून, बुधवार
ताईला कळलं. टपालमास्तर भीतीने दोन दिवस झोपलेच नाहीत. ताई रागावली नाही, पाठीवरून हात फिरवला, विश्रांती घे म्हणाली. माझी तीस घरं धाकटीकडे गेली.

माझ्या घरांची वही परत करताना पडद्यावर यादी दिसली. सगळ्यात शेवटी माझ्या आईचा नंबर. खूण: पिवळी छत्री. आवाज: माझा.

ताईला विचारलं. सोमवारपासून, म्हणाली. तुझी सही आहे, तुझ्याच आईची सोय झाली, आणि छान बोलतात दोघी. हे सांगताना मला डब्यातलं वाढत होती. केसाने गळा कापला हिने माझा.

२१ जून, शुक्रवार
आईला फोन लावला. पिवळी छत्री म्हणाले.

आई म्हणाली, खूण तर काल बदलली. मुलीनेच बदलली, कोणाला तरी कळली म्हणून. तू कोण आहेस?

मला रडू आलं. तिने फोन ठेवला.

मग फोन लागतच नाही, लाईन व्यस्त. आई सारखी बोलत असते. कुणाशी, ते—

२२ जून, शनिवार, दुपार
पाच तास बसने आले. आईच्या दाराबाहेर जिन्यावर बसून लिहिते आहे.

दार उघडत नाही. सगळं सांगितलं. छत्री, पाऊस, बाबांचा खोकला. ती आतून खूण विचारते. नवी. मला माहीत नाही—

रडायचं नाही. रडले तर ती मी नाही. मीच शिकवलं—

आत फोन चालू आहे, मोठ्या आवाजावर. माझा आवाज. आई, घाबरू नकोस, मी आहे ना. साखळी काढू नकोस. मी सोमवारी बोलले ते शब्द न् शब्द.

आई तिला बाळा म्हणाली.

पावलं आली. फोन दाराला टेकवलाय. आता धाकटी माझ्याशी बोलते आहे. किती मायेने. जेवलीस का, झोप लागली का—

खूण विचारते आहे. मला. माझ्या आवाजात. मी कोण ते सांगायला माझ्याजवळ—