जोर येण्याची वाट

५ जानेवारी, सोमवार

घसा धरला. साहजिक आहे. काल तालमीत तिसऱ्या अंकातले स्वगत पूर्ण ताकदीने म्हटले. ‘अजून या मनगटात जोर आहे!’ या वाक्याला देवळावरची कबुतरे उडाली. पांडुरंग म्हणाला, सर, जत्रेला माइक असणार आहे. पांडुरंग म्हणजे आमचा शेजारी आणि नाटकाचा प्रॉम्प्टर. मराठी वाक्यालाही कोकणी हेल काढतो. प्रॉम्प्टिंगपुरता ठीक.

सतरा तारखेला चोपड्याची जत्रा. विनोदिनीचे माहेर. आठ वर्षे पेडण्यात मराठी शिकवतो, तेव्हा कुठे यंदा सावंतवाडीच्या जावयाला सेनापतीची भूमिका मिळाली. सासऱ्यांनी पहिली रांग राखून ठेवली आहे.

विनोदिनीने विचारले, घसा दुखला तर काय करायचे म्हणून थायरॉइडच्या डॉक्टरांनी सांगितले होते ना? मी म्हटले, सगळे लक्षात आहे. आहेच. नोव्हेंबरात निदान झाले, थायरॉइड जास्त काम करतो. (माझ्या ग्रंथीसुद्धा कष्टाळू.) विनोदिनी बाहेर स्कूटर लावत होती, तेवढ्यात डॉ. अंकिता गोळी लिहून देत म्हणाल्या, ‘ताळो दुखलो आनी जोर आयलो जाल्यार गुळी बंद, आनी रोखडेंच रगत तपासपाक यो.’ कोकणी मला संपूर्ण कळते. बोलत नाही, ते तत्त्व म्हणून. घसा दुखला आणि जोर आला, की गोळी बंद. मग लगेच रक्त तपासायचे. उघड आहे, अंगात ताकद आली की औषध कशाला?

घसा दुखला. आता जोर यायचा आहे.

७ जानेवारी, बुधवार

अंग मोडून आले. विनोदिनीने थर्मामीटर लावला. १०१. म्हणाली, डॉक्टरना फोन करा. मी शांतपणे समजावले की डॉक्टरांच्या दोन अटी आहेत, पैकी एकच पूर्ण झाली आहे. दुसरी कोणती, तिने विचारले. सांगितले नाही. पुरुषाने आपल्या अशक्तपणाची चर्चा स्वयंपाकघरात करू नये.

फार्मसीतून सर्दीची गोळी आणली. दुकानातल्या पोराने विचारले, दुसरी कसली गोळी चालू आहे का? मी म्हटले, नाही. नाकाचा आणि थायरॉइडचा काय संबंध? पाकिटावर बारीक अक्षरात काहीतरी होते. चष्मा घरी.

संकल्प: तालमीपर्यंत मौन. (विनोदिनी म्हणाली, देव पावला.)

८ जानेवारी, गुरुवार

नाक मोकळे. पण छातीत घोडा दौडतो आहे. बसल्या जागी. हाच तो जोर असेल का? खात्री करून घ्यावी म्हणून खोलीचे दार लावून जोर काढायला गेलो. एकही निघाला नाही. खाली गेलो तो जमिनीवरच राहिलो. म्हणजे जोर अजून आलेला नाही. थायरॉइडची गोळी नियमित चालू ठेवली. पथ्यात मी कडक आहे.

पांडुरंग फेणी घेऊन आला. म्हणाला, तळपायांना चोळा. चोळली. थोडी आतूनही चोळली.

हा पांडुरंग तसा चांगला, पण विक्षिप्त. गेल्या पावसात त्याची आई सांगत आली, पांडुरंगाक जोर आयलो. मी नारळ घेऊन अभिनंदनाला गेलो. हा दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडलेला. म्हणाला, सर, थट्टा करता? इथल्या लोकांना कौतुक सोसत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

१०३. तोंडात फोड आले आहेत. पेज गिळताना डोळ्यांतून पाणी आले. तिखट नव्हती. कपाटात जुने तपकिरी गुळण्यांचे औषध सापडले. दिवसभर गुळण्या केल्या. घोडा आणखी पळाला.

विनोदिनी म्हणाली, अहो, नाटक गेले खड्ड्यात. माझ्या बापाला जावई नाटकात नको, घरात पाहिजे. म्हटले, तालीम झाली की बघू. ती माझ्या उशाशी नुसती बसून राहिली. मग मला थोडी भीती वाटली. वाऱ्यामुळे असेल. खिडकी लावून घेतली.

११ जानेवारी, रविवार. बांबोळीचे इस्पितळ.

झोपून लिहितो आहे. अक्षराबद्दल कोणी बोलू नये.

काल तालीम. विनोदिनी आणि सासरेही बघायला आले होते. तिसरा अंक. ‘अजून या मनगटात’ इथपर्यंत आलो आणि पुढचा शब्द येईना. पांडुरंग प्रॉम्प्ट देतो आहे: जोर! सर, जोर! मी खाली बसलो. त्याने धावत येऊन मनगट धरले आणि ओरडला, सर, तुमकां जोर आयला!

मला इतका आनंद झाला! म्हटले, दिसतो ना? तो म्हणाला, दिसता? हात भाजता माझो!

मग मी सर्वांना डॉक्टरांची दुसरी अट सांगितली. आता गोळी बंद, असे जाहीर केले. मंडपात कोणी हसले नाही. सासरे उठून गाडी काढायला गेले. विनोदिनी देवळाच्या पायरीवर बसली आणि अगदी हळू म्हणाली, अहो, जोर म्हणजे ताप.

डॉ. अंकिता म्हणाल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या आहेत. क्वचित कोणाला या गोळीने तसे होते, आणि घसा व ताप ही त्याचीच खूण. म्हणून तर बजावले होते. सर्दीच्या गोळीने छाती धडधडली. गुळण्यांच्या औषधात आयोडीन, थायरॉइडच्या माणसाला न विचारता चालत नाही. शेजारच्या डॉक्टरांना त्या काहीतरी म्हणाल्या. त्यातले एवढेच कळले की आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर.

वाक्य अपुरे होते. व्याकरणदृष्ट्या.

सूचना मराठीतून द्यायला हवी होती, हा मुद्दा मी मांडणार होतो. मांडला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

वेगळी खोली. सलाईनमधून अँटिबायोटिक. भेटायला कोणी आत येत नाही. विनोदिनी मास्क लावून काचेपलीकडे उभी असते. टोमणा मारत नाही. हे वाईट लक्षण असावे.

१५ जानेवारी, गुरुवार

पेशी वाढू लागल्या. विनोदिनी काचेपलीकडून फोनवर म्हणाली, तिळगूळ आत देत नाहीत, नाहीतरी गोड बोलणे तुम्हाला झेपले नसते. बरे वाटले. त्या गोळीचे नाव तिने मोठ्या अक्षरात लिहून घेतले आहे, पुन्हा कधी घ्यायची नाही म्हणून. मी वाचून पाहिले. शुद्धलेखनाची चूक नाही.

१८ जानेवारी, रविवार

काल जत्रा झाली. सेनापती पांडुरंग. संहिता त्याला पाठ होतीच. विनोदिनीने व्हिडिओ पाठवला. पहिल्या रांगेत सासऱ्यांशेजारची खुर्ची रिकामी, वर माझा फेटा ठेवलेला. ‘अजून या मनगटात जोर आहे!’ पांडुरंगाने वाक्य कोकणी हेलात म्हटले. वन्स मोअर मिळाला. उच्चार सदोष होता. मी तीनदा पाहिला.

सकाळी नर्स आली. काखेतला थर्मामीटर काढून उजेडात धरला, हसली, म्हणाली, ‘जोर ना.’ ना म्हणजे नाही, एवढे आता कळते.

मी उठून बसायचा प्रयत्न केला. पुन्हा उशीवर पडलो.

खरे आहे, बाई. दोन्ही भाषांत.