एन्कोडरच्या जागेवरून चार दिवसांची सुटका

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
औषध भरण विभाग.

विषय: यंत्र क्र. ३ वरील एन्कोडरच्या जागेवरून मला चार दिवस मोकळे करण्याबाबत.
संदर्भ: माझे रजेचे तीन अर्ज व तिन्हींवरील आपला एकच शेरा.

महोदय,

सविनय सादर करतो की, यंत्र क्र. ३ मुलांच्या तापाचे औषध बाटल्यांत भरते. त्यातली स्टेपर मोटर कंट्रोलरच्या हुकमाने पावलापावलाने फिरते आणि पिस्टन ढकलते. औषध दाट झाले की ती अडते, पावले चुकतात आणि बाटली कमी भरते. कंट्रोलरला मात्र हुकूम दिला म्हणजे काम झाले असेच वाटते. मोटर खरोखर किती फिरली हे त्याला कळवणारा एन्कोडर सात महिन्यांपूर्वी बिघडला. मेंटेनन्सने तो काढून, त्याची जोडणी बंद करून यंत्र चालू करून दिले आणि दोन दिवसांचा प्रश्न आहे म्हणून मला शाफ्टसमोर उभे केले. शाफ्टवर खडूची रेघ आहे. दर बाटलीला ती पूर्ण फेरा घेऊन खुणेवर आली नाही, तर मी यंत्र थांबवून ती बाटली बाजूला काढतो. तेव्हापासून यंत्र माझ्याच पाळीत चालते.

२. नव्या एन्कोडरची मागणी खरेदी विभागाने दोनदा परत पाठवली. सात महिन्यांत एकही बाटली कमी भरून बाहेर गेलेली नाही, सबब सदर भाग तातडीचा नाही, असे त्यांचे म्हणणे. माझ्या रजेवर आपला शेरा आहे की एन्कोडर नसल्याने मला सोडता येत नाही. म्हणजे मी नीट काम करतो म्हणून एन्कोडर येत नाही, आणि तो येत नाही म्हणून मी जाऊ शकत नाही. स्टोअरकीपरने आपुलकीने सल्ला दिला, "दोन-चार बाटल्या जाऊ दे की कमी. झक मारत मागवतील." तो सल्ला मी मनात घोळवला, हे कबूल करतो. पण हात धजला नाही. ती बाटली कुणाच्या तरी तापलेल्या पोराच्या उशाशी जाणार.

३. माझे वडील परगावी बहिणीकडे अंथरुणाला खिळले आहेत. डॉक्टरांनी आठवडा सांगितला, त्याला आज पाच दिवस झाले. बहिणीचे फोनवरचे शब्द जसेच्या तसे नोंदवतो: "दादा, काही आणू नकोस. तू ये फक्त." मी हात टेकले आहेत.

४. तरी यंत्र चार दिवस बंद ठेवावे. किंवा माझ्या जागी कोणासही उभे करावे, मी त्यास तासाभरात शिकवतो. तेही जमत नसल्यास माझी नजर अधू झाल्याचा खोटा शेरा मारून मला कामावरून काढावे. मी निमूटपणे सही करीन.

५. वडील रडू लागले म्हणून बहिणीने काल त्यांना मी निघालो आहे असे सांगून टाकले. तेव्हापासून ते दार दिसेल असे बसवायला लावतात आणि जेवायला माझ्यासाठी थांबले आहेत.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
ऑपरेटर, यंत्र क्र. ३
दिनांक १४, जेवणाची सुट्टी

सोबत:
१. डॉक्टरांचे पत्र.
२. बिघडलेला एन्कोडर, पुडीत.
३. उद्या सकाळच्या गाडीचे तिकीट (कृपया पाहून आजच परत द्यावे).