मांडीवर होतं तेवढा वेळ

आई, परवा कळंबला एका घरी तुझी ओळख निघाली. हल्ली मी कर्जत-खालापुरातल्या गावांत दारोदार फिरते आणि बायांना विचारते, मुलं किती झाली, किती जगली, किती गेली. लोकसंख्येचा अभ्यास म्हणतात याला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढं शिकून शेवटी माझंच काम करतेस की गं!" खरंच आहे ते. तू उपकेंद्रात नर्स होतीस, बाळंतपणं करायचीस आणि वहीत नोंदी घालायचीस. मी आता तसल्याच नोंदींवरून काय चुकतंय ते शोधत असते.

त्या वहीवरूनच आपलं वाजलं होतं. मी नुकती नोकरीला लागले होते. भिवपुरीच्या घरात तू तांदळाच्या भाकऱ्या थापतेयस आणि मी तुझ्या जुन्या वह्या चाळत बसलेय. बाळानं एक श्वास घेतला तरी ते जिवंत जन्मलं असं लिहायचं, हा नियम तुला पाठ होता. तरी घटकाभर जगून गेलेली बाळं तू 'मृत जन्म' म्हणून लिहिलीस, हे तू स्वतःच सहज सांगून टाकलंस. "रडलं होतं असं सांगितलं तर ती पोर जन्मभर तेच रडणं ऐकत बसेल. वर सासू म्हणणार, हिलाच सांभाळता आलं नाय." मी भडकले. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरसाठी तू वर्षानुवर्षं अर्ज करत होतीस, आणि तुझ्याच वहीप्रमाणे तुझ्याकडे एकही तान्हं दगावत नव्हतं. मग वॉर्मर देणार कोण? इथवर मी बरोबर होते, आजही तसंच वाटतं. पण माझ्या तोंडाला लगाम कुठला! "नंतर गेलेल्या बाळांचं पाप तुझ्या माथी आहे," असं मी बोलून गेले. तव्यावरची भाकरी करपली, ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस. पुढे मी माफी मागायला मुहूर्त शोधत राहिले आणि तू गेलीस.

कळंबची ती बाई आता साठीला आली असेल. मुलं किती झाली विचारलं तर म्हणाली, दोन. मग मला निरखून बघत म्हणाली, "तुमी नर्सबाईंची लेक ना? तोंडावळा तोच हाय. मग तीन लिवा." पहिलं तुझ्या हातचं होतं. "मेलेलंच आलं, म्हणाल्या बाई. पण मी ऐकलं होतं ना त्याला. बारीक रडलं, एकदाच. बाई पाठमोऱ्या बसून त्याला मांडीवर चोळत होत्या. मग पदर डोळ्यांना लावला. मी डोळे मिटून पडून राहिले. माझ्यासाठी खोटं बोलल्या त्या, मग मी पण त्यांच्यासाठी गप बसले."

किती वेळ जगलं, हा माझा पुढचा प्रश्न असतो. "बाईंच्या मांडीवर होतं तेवढा वेळ," ती म्हणाली. फॉर्मवर तसा रकाना नाही. मी 'एक दिवसाच्या आत' असं लिहिलं आणि पाणी मागितलं.

निघताना तिनं माझा हात धरला. "मला ठाव होतं, ते बाईंना कधी कळलं का गं? सांगायचं राहूनच गेलं." मी म्हणाले, "हो मावशी, आईला माहीत होतं. तिचं मन हलकं झालं होतं." तिनं मोठा सुस्कारा सोडला आणि परसातल्या शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या.

तुझ्या खोट्यावर एवढं तोंड टाकणारी मी, आई. हे एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहितेय, कुठे टाकायचं ते ठाऊक नाही. तिनं ऐकलं होतं, आई. ती तुझ्यावर कधीच रागावली नव्हती. तुला हे माहीत होतं असं मी तिला सांगून बसलेय; तेवढं आता खरं होऊ दे.